‘रात्रीचा फोन हाच माझा वेळ आहे, तो कसा सोडू?’

वाचकाचं पत्र:

ताई, नमस्कार. मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते, वय ३८. घरूनच अकाउंट्सचं काम करते, सात-आठ दुकानदार आणि दोन ट्रान्सपोर्टवाले यांचे जीएसटी रिटर्न माझ्याकडे असतात. मिस्टर अंबडला कंपनीत आहेत, एक आठवडा फर्स्ट शिफ्ट, एक आठवडा सेकंड. मुलगी आठवीत, मुलगा दुसरीत, सासूबाई आमच्याजवळच असतात. माझा प्रॉब्लेम फोनचा आहे. फोन दाखवतो की रोज ५ तास ४० मिनिटं. दिवसभर क्लायंटचे व्हॉट्सॲप, मधे मधे रील्स, आणि रात्री सगळे झोपले की मग खरं सुरू होतं, साडेबारा-एक कधी वाजतो कळत नाही. इन्स्टा डिलीट करून झालं, परत टाकलं. टायमर लावला, मीच सेटिंगमध्ये जाऊन काढते. लग्नाआधी मी सावानाची, म्हणजे आमच्या सार्वजनिक वाचनालयाची, मेंबर होते, पुस्तकांवर पुस्तकं संपवायचे, आता दोन पानं वाचली की हात फोनकडे जातो. मुलीला ओरडते तर ती म्हणते तू पण तेच करतेस. मला शिस्तच नाही असं वाटायला लागलंय, कधी कधी रात्री रडू येतं. मला एक टाइमटेबल द्या, मी पाळेन. फक्त फोन बंद करा असं सांगू नका, ते माझ्या कामात शक्य नाही. आणि खरं सांगू का, रात्रीचा तो वेळ सोडवत पण नाही, तेवढाच माझा वेळ आहे.

– इंदिरानगरची एक वाचक

उत्तर:

तू मला ताई म्हटलंयस म्हणून अगं-तुगंच करते. पत्र सकाळी वाचलं आणि मग दुपारी परत वाचलं, कारण पहिल्यांदा मला वाटलं हा फोनचा प्रश्न आहे, दुसऱ्यांदा तुझी शेवटची ओळ नीट वाचली. तिच्याकडे येते, पण आधी ते शिस्तीचं काढून टाकू. दर महिन्याला ११ तारखेच्या आत जीएसटीआर-वन आणि २० च्या आत थ्री-बी, अशी दोन-दोन रिटर्न, ते पण दहा जणांची, ज्यातले निम्मे लोक बिलं शेवटच्या दिवशी पाठवतात, घरात दोन मुलं, सासूबाई आणि शिफ्टवाला नवरा सांभाळून. हे बिनशिस्तीच्या माणसाला एक महिनासुद्धा झेपणार नाही. तुझ्यात शिस्त भरपूर आहे. तुला फोनवर जे मिळतंय त्याला शेवट नाहीये, एवढंच आहे, आणि ज्याला शेवट नाही ते मधेच तोडायला रोज रात्री साडेअकराला, दिवसभर दमल्यावर, मनाचा जोर लावावा लागतो. कोणाचाच लागत नाही गं.

हे शेवट नसणं आपोआप झालेलं नाही. खाली सरकवत राहिलं की पुढचं पान आपोआप येत राहतं, संपतच नाही, ही जी सोय आहे ना ती २००६ मध्ये एझा रास्किन नावाच्या डिझायनरने बनवली, आणि नंतर त्यानेच जाहीरपणे सांगितलं की याचा पस्तावा होतो. त्याच्याआधी पान संपायचं, ‘पुढे’वर बोट ठेवावं लागायचं, आणि तेवढ्या एका क्षणात माणसाला वाटायचं की पुरे आता, गॅसवर दूध आहे. तो क्षणच काढून टाकला. आपल्याकडे तर अजून एक कुंपण होतं ते म्हणजे नेटपॅक. आठव, २०१६ च्या सप्टेंबरात जिओ येईपर्यंत आपण महिन्याला एक जीबी पुरवून पुरवून वापरायचो, डेटा ऑन करायचा, मेसेज बघायचे, डेटा ऑफ. मग रोजचा दीड-दोन जीबी आला, आणि तो रात्री बाराला नवा मिळतो, उरलेला वाया जातो, त्यामुळे उलट संपवावासा वाटतो. आणि २०२० बघ, जूनअखेर टिकटॉकवर बंदी आली, जुलैत इन्स्टाने रील्स आणलं, सप्टेंबरात यूट्यूबने शॉर्ट्स पहिल्यांदा भारतातच सुरू केलं, आणि तेव्हा आपण सगळे घरात कोंडलेले होतो. तीन महिन्यांत सगळ्यांच्या हातात हे आलं आणि कोणी कोणाला विचारलं नाही की याला वेळ कोणती, जागा कोणती. तुझी एकटीची चूक शोधत बसू नकोस म्हणून एवढं लांबण लावलं.

आता तुझ्या घरातच बघ. सासूबाई संध्याकाळी मालिका बघतात ना? आपल्याला त्यांचं बघणं जास्त वाटतं, टीव्हीचा आवाज असतो म्हणून. पण त्यांची मालिका ठरलेल्या वेळेला लागते, अर्ध्या तासाने संपते, उद्याचं उद्या. काय बघायचंय हे त्यांना टीव्ही लावायच्या आधी माहीत असतं. तसंच सकाळचा पेपर, शेवटचं पान आलं की घडी करून ठेवून देतो. मला तुझ्या दिवसात हेच परत आणायचंय, म्हणजे काय बघायचं ते आधी ठरवायचं आणि फोन नंतर उचलायचा, आणि ठरवलेलं संपलं की बैठक संपली. मिनिटं मोजत बसण्यापेक्षा हे टिकतं असं माझं स्पष्ट मत आहे. मिनिटांचा टायमर तू लावून बघितलासच. आणि एक गंमत, तुझ्या फोनमधला तो ॲप टायमर रात्री बाराला परत शून्यावर येतो. म्हणजे सेकंड शिफ्टच्या आठवड्यात तू मिस्टरांची वाट बघत जागी असतेस तेव्हा बाराच्या ठोक्याला टायमरही नवा आणि डेटाही नवा. तुझ्यासारख्या रात्री जागणाऱ्या बाईला तो कसा अडवणार.

तर ती शेवटची ओळ. ‘तेवढाच माझा वेळ आहे.’ हे तू सहज लिहून गेलीस पण माझ्या मते पूर्ण पत्रात हेच महत्त्वाचं आहे. सकाळी साडेपाचपासून रात्री साडेदहापर्यंत तू कोणाची तरी आहेस, क्लायंटची, मुलांची, सासूबाईंच्या गोळ्यांची, डब्यांची. अकरा वाजता पहिल्यांदा कोणी तुला हाक मारत नाही. त्या वेळी कुठलंही टाइमटेबल येऊन म्हणालं की झोप आता, तर मन म्हणणारच की माझं काय? आणि मन बरोबर म्हणतंय. म्हणून मी तुझा रात्रीचा वेळ काढून घ्यायला सांगणार नाही, तो दिवसात हलवायला सांगणार आहे, आणि तो हलला नाही तर खाली लिहिलेलं बाकी सगळं आठ दिवसांत कोसळेल हे आत्ताच सांगते. डाएट करणारीच्या उशाशी फराळाचा डबा ठेवावा आणि दिवसभर तिला जेवायलाही देऊ नये, असं चाललंय तुझं सध्या.

तो वेळ कुठून येणार? मिस्टरांकडून. दुसरीकडून कुठून येणार? सेकंड शिफ्टच्या आठवड्यात ते दुपारी अडीच-तीनपर्यंत घरी असतात. त्यांना झोप लागते हे मान्य, उशिरा येतात, पण नऊ साडेनऊनंतरचा एक तास घर त्यांचं. दूधवाला, गॅस, सासूबाईंचा चहा, कोण आलं गेलं, सगळं. तू घराबाहेर. घरात बसून ‘माझा वेळ’ होत नाही, कोणी ना कोणी येऊन विचारतंच की चार्जर कुठे आहे. इंदिरानगरचा जॉगिंग ट्रॅक आहे जवळ, नाहीतर पाथर्डी फाट्याकडून पांडवलेणीला जा, पायऱ्या चढून वर बसलीस की अख्खं नाशिक दिसतं. आणि फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात ते चारपर्यंत घरी येतात, तेव्हा संध्याकाळी सहा ते सात तुझे. त्या वेळात मुलाचा होमवर्क ते घेतील, दुसरीचा होमवर्क आहे, घेता येतो त्यांना. टाइमटेबल शिफ्टबरोबर बदलायला पाहिजे, एकच टाइमटेबल वर्षभर चिकटवलंस तर शिफ्टवाल्या घरात ते दर दुसऱ्या आठवड्याला मोडणार आणि तू परत म्हणशील मला शिस्त नाही.

हे मिस्टरांशी बोलायचं कसं, तर भांडणाच्या वेळी नाही. रविवारी मिसळ खाऊन वगैरे आलात की शांतपणे सांग, की मी रात्री एकपर्यंत जागते कारण दिवसात मला एक तास मिळत नाही, तो मला तुमच्याकडून पाहिजे, रोज. ‘मदत करा’ म्हणू नकोस, मदत म्हटलं की ती सवडीने होते. वेळ ठरवून माग. अजून एक, सेकंड शिफ्टला ते साडेबाराला येतात तेव्हा दार उघडायला आणि ताट वाढायला तू जागतेस असं माझ्या लक्षात आलं, तू सरळ लिहिलं नाहीयेस पण ‘साडेबारा-एक’ वरून कळतं. लॅचची एक चावी त्यांच्याकडे दे. भाजी पोळी झाकून ठेव, मायक्रोवेव्ह असेल तर प्रश्नच नाही. पहिले दोन दिवस अवघड वाटेल दोघांनाही, सासूबाई पण काहीतरी बोलतील. बोलू देत. रात्री दीड तास हातात फोन घेऊन वाट बघणं यात मला तरी काही प्रेम वगैरे दिसत नाही, नुसती झोप जाते, आणि सकाळी साडेपाचला उठायचं तुलाच असतं.

आता फोन. तुझे ते ५ तास ४० मिनिटं आधी फोडून बघ. सेटिंग्जमध्ये डिजिटल वेलबीइंग आहे, त्यात कुठल्या ॲपला किती वेळ आणि फोन दिवसात किती वेळा उघडला तेही दिसतं. माझा अंदाज आहे की त्यातला बराचसा वेळ व्हॉट्सॲपचा आणि तो तुझा धंदा आहे, त्याबद्दल स्वतःला बोल लावू नकोस. पहिला आठवडा काहीही बदलू नको, फक्त रोज रात्री एका वहीत लिही, कामाचे किती आणि बिनकामाचे किती, आणि बिनकामाचं कधी सुरू झालं. तुला हिशोब कळतो, तुला हे जमेल. मला वाटतं बहुतेक वेळा असं निघेल की क्लायंटच्या मेसेजसाठी फोन उचलला आणि तिथून इन्स्टावर गेली. म्हणजे दार एकच आहे, कामाचंही आणि त्याचंही. ते दार वेगळं करणं हे तुझ्यासाठी सगळ्यात मोठं काम आहे, बाकी सगळं त्याच्यानंतर.

कसं करायचं, तर दुसरं सिम घे आणि व्हॉट्सॲप बिझनेस टाक, ते त्याच फोनमध्ये चालतं, दुसऱ्या नंबरवर, फुकट आहे. सगळे क्लायंट तिकडे हलव. त्यात कामाच्या वेळा टाकता येतात आणि वेळेबाहेर कोणी मेसेज केला तर आपोआप उत्तर जातं. मजकूर साधा ठेव, ‘आपला मेसेज मिळाला. कामाची वेळ सकाळी १० ते संध्याकाळी ६. बिलं इथेच पाठवून ठेवा.’ ट्रान्सपोर्टवाले पहिले दोन दिवस रात्री दहाला फोन करतील, त्यांना सवय आहे. आठवडाभर उचलू नकोस, रिटर्नचे दिवस सोडून. लोक शिकतात, बँकेत रात्री दहाला कोणी जातं का? आणि हे बिझनेस व्हॉट्सॲप बघायचं लॅपटॉपवर, वेबवर. बिलं तिथेच डाउनलोड होतात, तिथूनच एक्सेलला जातात, फोन हातात घ्यायची गरजच नाही. कामाच्या वेळात फोन दुसऱ्या खोलीत, रिंगर मोठा करून. शाळेतून फोन आला तर ऐकू येईल, स्क्रीन दिसणार नाही.

तू म्हणतेस दोन पानं वाचली की हात फोनकडे जातो. तुझं एकटीचं नाही हे. ग्लोरिया मार्क म्हणून कॅलिफोर्नियातल्या संशोधक आहेत, त्या लोक कॉम्प्युटरवर एका स्क्रीनवर किती वेळ टिकतात हे वर्षानुवर्षं मोजतात. २००४ मध्ये ते साधारण अडीच मिनिटं होतं, अलीकडच्या वर्षांत सरासरी ४७ सेकंदांवर आलंय. टू-बी, म्हणजे पोर्टलवरची खरेदी बिलांची यादी, जुळवताना तुला हे जाणवत असेल बघ, एक इन्व्हॉइस सापडत नाही, तेवढ्यात फोन बघितला, परत आलं की कुठल्या पार्टीचं बघत होतो तेच आठवत नाही. फोन दुसऱ्या खोलीत ठेवण्याचा फायदा तुला वाचनाच्या आधी कामात दिसेल, जे काम रात्री नऊपर्यंत जातं ते सहाला उरकेल.

घरगुती व्हॉट्सॲपचं जास्त काही लिहीत नाही, सोपं आहे ते. सोसायटी, माहेरचा ग्रुप, शाळेच्या बॅचचा ग्रुप, सगळं म्यूट आणि अर्काइव्ह. अर्काइव्ह केलेलं नवीन मेसेज आला तरी वर येत नाही. शाळेचा पालकांचा ग्रुप तेवढा ठेव. कोणाला सांगायची गरज नाही, कोणाला कळत पण नाही.

मग इन्स्टा आणि यूट्यूब. इन्स्टा फोनवरून काढ, पण अकाउंट ठेव आणि लॅपटॉपवर ब्राउझरमध्ये बघ. आधी तू डिलीट केलंस तेव्हा सगळंच तोडलंस म्हणून परत टाकावं लागलं. लॅपटॉपवर खुर्चीत ताठ बसून रील्स बघायला तेवढी मजा येत नाही, पाठ दुखते, आणि तेच पाहिजे आहे आपल्याला. यूट्यूबमध्ये वॉच हिस्टरी बंद कर आणि जुनी पुसून टाक, मग ॲप उघडल्यावर समोर काहीच येत नाही, रिकामं पान आणि शोधायची जागा. तुला काय पाहिजे ते तुला टाइप करावं लागतं. मला स्वतःला ही सेटिंग सगळ्यात उपयोगाची वाटते, कारण बघायचं काय हे ठरवायचं काम परत तुझ्याकडे येतं. ऑटोप्ले पण बंद कर.

आणि त्याच वहीत मागच्या पानावर यादी. दिवसभरात कुठे काही ऐकलं, हे बघायचंय, ही रेसिपी, ती मुलाखत, अमुकच्या लग्नाचे फोटो, नवीन जीएसटी सर्क्युलरवरचा व्हिडिओ, की लगेच फोन उचलायचा नाही, लिहायचं. रोजच्या दोन बैठका ठेव, दुपारी जेवणानंतर वीस-पंचवीस मिनिटं, आणि रात्री साडेनऊ ते सव्वादहा. बैठकीत फक्त यादीतलं. यादी संपली आणि वेळ उरला तर उरू दे. तुला आश्चर्य वाटेल, सकाळी लिहिलेल्यातलं निम्मं रात्री बघावंसंच वाटत नाही. रील्सपण घालायचे असतील तर घाल यादीत, ‘रील्स, दहा मिनिटं’ असं लिहून, मला त्यात काही पाप वाटत नाही, हसू येतं, साड्या दिसतात, बरं वाटतं. पण लिहून बघ, आणि दुपारच्या बैठकीत बघ, रात्रीच्या नको. रात्रीच्या बैठकीत ज्याला शेवट आहे तेच. एक एपिसोड, एक मुलाखत, एक सिनेमा दोन रात्रीत अर्धा अर्धा. बातम्या सकाळच्या पेपरात वाच चहाबरोबर, रात्री बातम्या नकोत.

साडेदहाला फोन हॉलमध्ये चार्जिंगला. बेडरूममध्ये चार्जर ठेवायचाच नाही. अलार्म फोनवर आहे असं म्हणशील तर मेनरोडवर जा आणि एक साधं गजराचं घड्याळ घेऊन ये. बेडटाइम मोड साडेनऊनंतर लावून ठेव, स्क्रीन काळी-पांढरी होते, रंग गेले की बघायची ओढ बरीच कमी होते. हे बाकीच्यापुढे किरकोळ आहे, जमलं तर कर.

सकाळी मुलं शाळेत जाईपर्यंत फोन हॉलमधून उचलायचा नाही. व्हॅनवाल्या काकांचा फोन आला तर घ्यायचा, बस. मी हे सांगते तेव्हा बायका म्हणतात सकाळी कोणाला वेळ असतो फोन बघायला, पण वहीत लिहिल्यावर कळतं की दूध तापेपर्यंत, डब्याची भाजी शिजेपर्यंत, केवढा वेळ जातो तो.

मुलीचं. ती म्हणते तू पण तेच करतेस, आणि तिचं बरोबर आहे, तिला तसं सांग. मुलांना नियम चालतात, फक्त आपल्याला एकट्यालाच आहे असं वाटलं की चालत नाहीत. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे, तिथे २०२२ च्या १५ ऑगस्टपासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास, साडेआठपर्यंत, गावात टीव्ही आणि मोबाइल बंद. लॉकडाउनमध्ये मुलांना फोनची लागलेली सवय सुटेना म्हणून गावाने ठरवलं. मला त्यात आवडलं ते असं की भोंगा वाजतो म्हणून कोणाच्या आईला ओरडावं लागत नाही. आईने फोन हिसकावला की आई वाईट. भोंगा सगळ्यांना सारखा, सरपंचांना पण. तुमच्या घरात सात वाजता सासूबाईंची मालिका असेल तर सात नको, त्यांची मालिका मधे आणू नकोस, त्यांच्या दिवसातली ती मजा आहे. साडेआठ ते साडेनऊ ठेव, जेवण आणि त्यानंतरचं आवरणं, सगळ्यांचे फोन एका डब्यात. मिस्टर घरी असतील त्या आठवड्यात त्यांचाही. त्यांचा डब्याबाहेर राहिला तर मुलीचाही डब्यात राहणार नाही, हे त्यांना आधीच सांगून ठेव. आणि भोंग्याचं काम मुलाला दे, दुसरीतल्या मुलाला घंटा वाजवायला फार आवडतं, तो कोणालाच सोडणार नाही.

मुलगी इन्स्टावर असेल, आणि आठवीत म्हणजे असेलच असं धरून चाल, तर तिचं खातं खऱ्या वयाचं आहे का ते बघ. १८ च्या आतल्यांसाठी इन्स्टाची वेगळी टीन अकाउंट आहेत, त्यात रात्री दहा ते सकाळी सात नोटिफिकेशन बंद राहतात, रोज एक तास झाला की आठवण येते, आणि १६ च्या आत असेल तर यातलं सैल करायला पालकांची परवानगी लागते. मोठं वय टाकून खातं उघडलं असेल तर यातलं काही लागू होईलच असं नाही. तिच्या पाठीमागे तपासू नकोस, तिच्याबरोबर बसून बघ, आणि तुझा फोन पण तिला दाखव, तुझे तास पण. तेरा वर्षांच्या मुलीला आईने स्वतःचा आकडा दाखवला तर ती जास्त ऐकते, नियमांच्या भाषणापेक्षा.

सावानाचं. परत मेंबर हो. १८४० पासून चालू आहे ती लायब्ररी, तुझी वाट बघत अजून थोडी थांबेल, पण तू थांबू नकोस. आधी कादंबरी घेऊ नको, कथासंग्रह घे, नाहीतर मागच्या वर्षीचा दिवाळी अंक, दहा-बारा पानांत एक गोष्ट संपते. पुस्तक बेडरूममध्ये, जिथे आत्ता चार्जर आहे तिथे. पहिले काही दिवस दोन पानं झाली की हात शेजारी चाचपडेल, सापडणार नाही, मग तिसरं पान वाचशील. पुस्तक बदलायला जायचं म्हणून महिन्यातून दोनदा घराबाहेर पण पडशील, तुझ्या तासात.

सगळं एकदम करू नकोस. पहिला आठवडा वही. दुसऱ्या आठवड्यात दुसरं सिम आणि मिस्टरांशी बोलणं. चार्जर हॉलमध्ये तिसऱ्या आठवड्यात, त्याआधी नाही, कारण दिवसातला तुझा तास सुरू झाल्याशिवाय रात्रीचा काढायचा नाही असं मी तुला वर सांगितलंय. आणि ९, १०, ११ तारीख, तसंच १८ ते २०, हे दिवस नियमातून सरळ वगळून टाक. कॅलेंडरवर आधीच खूण कर. त्या दिवशी रात्री अकराला पोर्टल चालत नसेल, क्लायंट ओटीपी देत नसेल, तू फोनवरच असशील, आणि ते मोडलेलं धरायचं नाही कारण ते ठरलेलंच आहे. १२ ला आणि २१ ला परत चालू. नियम मोडला की पूर्ण सोडून द्यावासा वाटतो, तो सुटायची वेळच त्या तारखांना असते, म्हणून आधीच सोय करून ठेवायची.

एक गोष्ट वेगळी सांगायची आहे. रात्री रडू येतं असं लिहिलंस. झोप कमी, काम जास्त, त्यामुळे असू शकतं, आणि झोप सुधारली की तेही सुधारेल. पण तुला दिवसातला तास मिळाला, साडेदहाला झोपायला लागलीस, आणि तरी दोन-तीन आठवड्यांनी तसंच वाटत राहिलं, कशातच मन लागेना, तर फोनवर खापर फोडून थांबू नकोस. १४४१६ ला फोन कर, टेलिमानस आहे ते, सरकारी, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. आणि तीन आठवड्यांआधीच फार जड वाटलं, जगणंच नको असं काही मनात आलं, तर त्याच रात्री कर. नाशिकमध्ये मानसोपचाराचे डॉक्टर भरपूर आहेत, आणि मिस्टरांना बरोबर घेऊन जा, लपवून जाऊ नकोस.

पुढच्या महिन्यात २० तारीख उरकली की मला परत लिही. जमलं ते नंतर लिहिलंस तरी चालेल, आधी काय जमलं नाही ते लिही, कुठल्या वेळेला फोन परत हातात आला, त्या वेळी घरात कोण होतं, मिस्टर तास देतायत का. ते देत नसतील तर पुढचं पत्र मी त्यांनाच लिहीन.